बुडून मेलेल्या तीन मरळी

माझ्या हातून तीन मासोळ्या पाण्यात बुडून मेल्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. ही दोन्ही वाक्यं एकाच बाईबद्दलची आहेत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कोणी तोंडावर विचारायला नको.

आमचं गाव सावली तालुक्यातलं, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला लागून. आम्ही ढिवर, पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारे. आमच्या घरात जन्मलेलं पोर चालायला लागलं की पाण्यात उतरतं. मी उतरले नाही, कारण बाबांनी उतरू दिलं नाही. "जाळं धरायले माणसं हायेत. तू पुस्तक धर," म्हणायचे. मी पाळीवर अभ्यासाला बसायची तीसुद्धा तलावाकडे पाठ करून, कारण पाण्याकडे तोंड केलं की लक्ष उडतं असं त्यांचं मत. त्याचा परिणाम असा झाला की मला कल्ल्यांची आकृती नावांसकट फळ्यावर काढता येते आणि जिवंत मरळ हातात धरता येत नाही.

बाबांचं गावात नाव होतं ते दमासाठी. जाळं तळातल्या ओंडक्याला अडकलं, कोणाची बादली विहिरीत गेली, की बाबांना बोलावणं यायचं. ते खाली गेले की वरची माणसं आधी आकडे मोजायची, मग गप्प व्हायची, मग घाबरून हाका मारायला लागायची. तेवढ्यात बाबा भलतीकडेच वर येऊन विचारायचे, "काऊन ओरडून राह्यले बे?" त्यांच्याबरोबर एकाच डोंग्यात बसणारे त्यांचे जोडीदार, ज्यांना मी काका म्हणते, ते दर वेळी नवं असल्यासारखं सगळ्यांना सांगायचे, "दम पाह्यला का गड्याचा!"

अशा माणसाला दमा झाला. मराठी भाषेलाही काही दयामाया नाही. नुसता एक काना दिला आणि माणूस संपवला.

साठी उलटल्यावर सुरू झालं. आधी थंडीत, मग बाराही महिने. सकाळी खाटेवर बसून दोन्ही हात गुडघ्यांवर रोवायचे आणि खांदे वर-खाली करत हवा ओढायचे. छातीतून शिटी वाजायची. सावलीच्या डॉक्टरांनी पंप लिहून दिला. बाबांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि माझ्या हातात परत ठेवला. "पंप सायकलले लागते. मले नाई." आमच्याकडे पंपाची भीती मोठी. एकदा तोंडाला लागला की सुटत नाही, म्हणे. अमका पंपावर आला असं सांगताना लोक आवाज असा खाली आणतात की ऐकणाऱ्याला वाटावं, आता जायची तयारी करावी.

मी चिडले. चिडले की मी शिकवायला लागते, ही माझी खोड. शाळेतला तक्ता घरी आणला, भिंतीला लावला, आणि माणसाची फुप्फुसं समजावून सांगता सांगता माशाच्या कल्ल्यांवर आले. म्हटलं, निदान ओळखीच्या प्राण्यावरून तरी समजेल. पाण्यात हवा विरघळलेली असते, मासा तोंडानं पाणी घेतो, कल्ल्यांवरून बाहेर सोडतो, त्यात पाण्यातला ऑक्सिजन रक्तात जातो. कल्ले लाल असतात ते त्यामुळेच.

"कल्ले लाल असतेत ते मले माहीत हाये," बाबा म्हणाले. "गिऱ्हाईक तेच उघडून पाह्यते." मग थोडा दम खाऊन त्यांनी विचारलं, "सगळ्याच मासोळ्या अशाच दम घेतेत का?"

"सगळ्याच."

"मरळ पण?"

"बाबा, मरळ मासाच आहे ना?"

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बरं." ते बरं मी त्यांची हार समजले. केवढी खूश झाले होते मी त्या दिवशी!

काही दिवसांनी बाबा एक बातमी घेऊन आले. सिरोंच्याकडे एक वैद्य आहे. मरळीच्या बोटभर पिल्लाच्या तोंडात पिवळं औषध भरतो आणि ते पिल्लू जिवंतच रोग्याच्या घशात सोडतो. पिल्लू खाली जाताना शेपटीनं सगळा कफ झाडत जातं. पिल्लू रोग्यानं आपलं आणावं. नसेल तर दारात विकायला असतातच.

"दम्याच्या माणसाच्या घशात जिता मासा?" मी ओरडले. "अडकला तर?"

"मरळ कुठी अडकत नाई. चिखलातून वाट काढते ते."

"मी नाही जाऊ देणार."

"मंग नको येऊ. मी जातो."

आई म्हणाली, एकट्याला सोडू नको. मग काय, रजा टाकली. डॉक्टरांनी दिलेला पंप गुपचूप पर्समध्ये घातला आणि विज्ञानाची शिक्षिका बापाला मासा गिळवायला सिरोंच्याला निघाली.

मरळी बाबांनी स्वतः धरल्या. एक नाही, तीन. एखादी वाटेत दगावली तर हाताशी असावी म्हणून. तेलाच्या पांढऱ्या कॅनमध्ये अर्धं तलावाचं पाणी घेतलं, पिल्लं सोडली, झाकण काढून खिशात टाकलं आणि वर पातळ फडकं बांधलं. गडचिरोलीला गाडी बदलली, तिथे कंडक्टरनं कॅनकडे बोट दाखवलं.

"मासोळी चालत नाई गाडीत. वास मारते."

"जित्या मासोळीले वास नसते साहेब," बाबा म्हणाले. "वास मेल्यावर येते. माणसासारखंच."

कंडक्टर हसला, म्हणून चढू दिलं. पण रस्ता सगळा खड्ड्यांचा. चामोर्शीच्या पुढे कॅनमधलं पाणी उसळून एका बाईच्या लुगड्यावर सांडलं आणि कंडक्टर पुन्हा आला. आता झाकण लावा, नाहीतर उतरा. बाबा तोवर खिडकीला डोकं टेकून झोपले होते. रात्रभर खोकले होते, त्यांना उठवायचं माझ्या जिवावर आलं. मी हलकेच त्यांच्या खिशातून झाकण काढलं.

आता माझी हुशारी ऐका. मी विचार केला, हवा बंद होणार, तर पाणी तरी भरपूर पाहिजे. पाणी जास्त तेवढा विरघळलेला ऑक्सिजन जास्त. आष्टीला गाडी थांबली तेव्हा उतरून नळाचं थंड पाणी घेतलं, कारण थंड पाण्यात ऑक्सिजन अधिक मावतो, हेही मला येतं. कॅन गळ्यापर्यंत काठोकाठ भरला. आत हवेचा एक बुडबुडा राहू दिला नाही. झाकण फिरवून घट्ट बसवलं, कॅन मांडीवर घेतला, आणि बाबांचं काम आपण नीट निभावलं म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

आलापल्लीला चहासाठी उतरलो. बाबांनी झाकण उघडून आत पाहिलं. मग कॅन तिरपा करून पाणी पायाशी ओतलं. तिन्ही पिल्लं पोट वर करून बाहेर आली.

"मेल्या," ते म्हणाले.

"क्लोरीन!" मी म्हणाले. "नळाचं पाणी होतं ना."

"किती टाकलं पाणी?"

"पूर्ण भरून."

"झाकण?"

"घट्ट."

बाबा खाली बसले. एक मेलेलं पिल्लू तळहातावर घेऊन त्याचा कल्ला अंगठ्यानं उचलून पाहिला. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. तर हसत होते.

"बुडवल्या! अरे बापा, मास्तरीणबाईनं मासोळ्या बुडवल्या!"

मला कळेचना. चहावाला, दोन प्रवासी, तोच कंडक्टर, सगळ्यांना हाताला धरून बाबा सांगत होते. मरळीला नुसतं पाणी पुरत नाही. तिला घडीघडी वर येऊन हवेचा घोट घ्यावा लागतो. वरची वाट बंद केली तर ती पाण्यात असून माणसासारखी गुदमरते. ढिवर मरळ शोधतो तोच मुळी त्या घोटावरून. पाण्यावर बुडूक झालं, की तिथंच खाली ती असते. चहावाल्यालाही हे ठाऊक होतं. कंडक्टरलाही ठाऊक होतं. म्हणजे आलापल्लीच्या त्या टपरीवर हे ठाऊक नसलेलं एकच माणूस होतं आणि त्या माणसाकडे बी.एस्सी., बी.एड. होतं.

आणि मला आठवली वर्गातली पोरं. सहावीतलं एखादं दरवर्षी हात वर करायचंच. "मॅडम, मरळ तर वर येऊन दम घेते." मी म्हणायची, ती किडे खायला येते, बस खाली.

"पण तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?" मी बाबांवर उखडले. "तक्ता दाखवला तेव्हा!"

"तू इतकी शिकलेली, मले वाटलं पुस्तकातली मरळ येगळी असंन," ते म्हणाले आणि पुन्हा हसायला लागले.

ते हसणंच नडलं. हसता हसता खोकला आला, खोकल्यातून शिटी, आणि शिटीही थांबली. तोंड उघडं, मान ताणलेली, डोळे माझ्यावर, आणि हवा आत जाईना. मी असली भीती आयुष्यात अनुभवली नव्हती. पर्समधून पंप काढला, त्यांच्या तोंडात कोंबला, दाबला. त्यांनी शंख फुंकतात तसा फुंकला! औषध सगळं माझ्या चेहऱ्यावर. मग त्या कंडक्टरनंच ऑटो थांबवला, आम्ही दोघांनी त्यांना उचलून आत बसवलं आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत मी त्यांचा हात धरून मोठमोठ्यानं रडत होते. मला लाजबिज काही वाटली नाही.

वाफ दिली, सुई दिली. तासाभरानं ओठांचा रंग परत आला. डॉक्टर पुण्याकडचा तरुण मुलगा होता. त्यानं शांतपणे समजावलं, "आजोबा, यात फुंकायचं नाही. आधी श्वास पूर्ण सोडायचा, मग दाबता दाबता आत ओढायचा, आणि दहा मोजेपर्यंत रोखून धरायचा. सुरुवातीला जमत नाही कोणाला. प्रयत्न करा."

जमत नाही म्हटलं ना! बाबांनी पंप घेतला, श्वास सोडला, ओढला आणि धरला. दहा झाले. वीस झाले. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. तीसच्या आसपास डॉक्टर घाबरून म्हणाला, "पुरे, आजोबा, पुरे!" बाबांनी हळूच हवा सोडली आणि म्हणाले, "दम धराचं काम होय का हे? आधी सांगाचं ना राजा."

तर असा माझा बाप पंपाला तयार झाला. शास्त्रामुळे नाही, तक्त्यामुळे नाही. दम धरायचा असतो म्हणून.

वैद्याकडे आम्ही गेलो नाही. मासोळ्या मेलेल्या, आणि दारात विकत मिळत असली तरी ढिवरानं मासोळी विकत घ्यायची म्हणजे मग झालंच. परतीच्या गाडीत बाबा म्हणाले, "गावात पंपाचं नाव काढाचं नाई."

"मग काय सांगायचं?"

"मरळ गिळली म्हणून सांगू."

"खोटं?"

"मंग बुडवल्याचं खरं सांगू का? शाळेत पण पोचंन ते."

पंपाबद्दल मी बोलायचं नाही, मासोळ्यांबद्दल त्यांनी. आमचा करार झाला.

बाबांना खरंच उतार पडला आणि गावानं त्याचं श्रेय मरळीला दिलं. बाबांनीही हात आखडता घेतला नाही. घशात शेपटी कशी हालली, छातीत कसं गार गार झालं, वैद्याचा हात केवढा हलका, सगळं ते पाळीवर बसून सांगायचे आणि दर वेळी मासोळी बोटभर वाढायची. पंप पानसुपारीच्या चंचीत लपवलेला असायचा. दिवसातून दोनदा ते बेशरमाच्या झुडपांमागे जाऊन घेऊन यायचे. लोक म्हणायचे, मासोळी अजून पोटात फिरून राह्यली वाटते. मी ऐकायची, हसायची आणि शाळेत जाऊन वैज्ञानिक दृष्टिकोन शिकवायची.

त्या हिवाळ्यात काकांना दम लागायला लागला. आधी डोंगा ओढताना, मग पाळ चढताना, मग नुसतं बसल्या बसल्या. काकांना दवाखान्यात चला म्हटलं की म्हणायचे, "पंप देतेत तिथी. तुह्या बाबानं घेतला का पंप?" मी बाबांकडे बघायची. बाबा जाळ्याची गाठ बघायचे. घरी आल्यावर मी म्हणायची, सांगा. ते म्हणायचे, आज नाई, उद्या. चार महिने असे गेले. मी ठणकावून सांगितलं असतं तर चार दिवसांत संपलं असतं. पण माझ्याही तीन मासोळ्या होत्या.

मग एका रविवारी काका पाळीवर येऊन बसले. ओठ जांभळे पडले होते. बोलताना दर दोन शब्दांनी थांबत होते. "मले तीन मरळी धरून दे. तुह्याच हातच्या. उद्या सिरोंच्याले जातो."

मी बाबांना बाजूला घेतलं. "त्या गाडीत काका मरतील. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

"मी तुह्या मासोळ्या सांगीन."

"सांगा!" मी म्हणाले. "माइक लावून सांगा!"

ते डोंग्यात बसले आणि तलावात आत गेले. आम्ही पाळीवरून पाहत होतो. मध्ये जाऊन ते नुसते बसून राहिले. दोनदा पाण्यावर बुडूक झालं, इतकं जवळ की मलासुद्धा दिसलं. बाबांनी हात घातला नाही. मग डोंगा वळवला आणि रिकाम्या हातानं परत आले.

"नाई भेटल्या का?" काकांनी विचारलं.

"भेटल्या," बाबा म्हणाले. "पण तू जाऊ नको. म्या मरळ गिळलीच नाई."

पाळीवर आठ-दहा माणसं होती. बाबांनी चंची सोडली, पंप काढला, हलवला, आणि सगळ्यांसमोर तोंडाला लावला. मग म्हणाले, "वर्ष झालं. रोज दोन येळा घेतो. झुडपामागं जातो ते हेच घ्याले."

काका उठायला गेले आणि तिथेच त्यांचा दम कोंडला. बाबा त्यांच्या मागे बसले, त्यांची पाठ आपल्या छातीला टेकवली, पंप त्यांच्या तोंडाला धरला. "सोड. सगळा सोड. आता घे. धर." तीनदा दिलं. मी फोन करून गाडी बोलावली. गाडी येईपर्यंत काकांच्या छातीतली शिटी जरा मोकळी झाली आणि त्यांना बोलता आलं.

"चार महिने... मी मरून राह्यलो," ते म्हणाले. "तू बाजूले बसून पाहत होता. काऊन नाई सांगितलं?"

"लाज वाटत होती."

"माह्या जिवाहून मोठी होती का रे तुही लाज?"

बाबांनी मान खाली घातली नाही. काकांना तसंच छातीशी धरून म्हणाले, "होती."

काकांनी मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मलाही तेच उत्तर द्यावं लागलं असतं.